आधी त्यांच्या हातचं पाणी मागा

तुमचा प्रश्न मी तीनदा वाचला. नंतर येणाऱ्या वाचकांसाठी तो थोडक्यात मांडते. तुम्ही वेंगुर्ल्याच्या बाजूच्या एका लहान चर्चमधले. नाताळच्या आधी तुमच्या तरुण मंडळाने जेटीवर जाऊन नेपाळी खलाशांना ब्लँकेटं आणि केक वाटले. त्यांनी ते घेतले, पण कोणी धड बोललं नाही. दोन दिवसांनी त्यातलंच एक ब्लँकेट बर्फाच्या पेटीवर घातलेलं तुम्हाला दिसलं. गावात कुजबुज सुरू झाली की ही बाटवाबाटवीची तयारी आहे. आणि शेवटी तुम्ही लिहिलंय: "खरं सांगायचं तर मला त्यांची भीतीच वाटते. प्रेम वाटत नसताना सेवा करणं हे ढोंग नाही का? आपल्यापेक्षा इतक्या वेगळ्या माणसांवर ख्रिस्ती प्रेम करायचं म्हणजे नेमकं काय करायचं?"

मी परिचारिका आहे, आता निवृत्त. २८ वर्षं काम केलं, त्यातली सुरुवातीची काही एका मिशनच्या दवाखान्यात आणि बाकीची वाड्या-वस्त्या, बंदरं, चिरेखाणी पायी फिरण्यात. धर्मशास्त्र मी शिकलेले नाही. त्यामुळे जे सांगते ते चर्चमध्ये ऐकलेलं आणि कामात ताडून पाहिलेलं, एवढंच.

तुम्ही प्रश्न विचारलाय तो "काय द्यायचं, कसं द्यायचं" याचा. मला अडचण दुसरीकडे दिसते. तुम्ही बारा-पंधरा जण देणारे म्हणून गेलात आणि समोरच्यांना फक्त घेणारे म्हणून उभं केलंत. हात पसरलेल्या माणसाने बोलायचं तरी काय? "थँक्यू" म्हणून तो गप्पच बसणार. तुमचा हेतू चांगला होता याबद्दल मला शंका नाही. पण त्या दिवशी जेटीवर त्यांना तुम्हाला देता येईल असं काहीच तुम्ही ठेवलं नव्हतं.

हे मला एका चिरेखाणीवर कळलं, आणि कळायला फार उशीर लागला. कर्नाटकातून आलेली कुटुंबं होती. जांभ्याच्या लाल धुळीत दिवसभर काम, बाजूलाच पत्र्याच्या खोपी. मी लहान मुलांना तपासायला जायची, सोबत जुने कपडे, बिस्किटं, जंतांच्या गोळ्या. एका बाईने पहिल्याच दिवशी मला चहा दिला, तिच्याकडच्या एकुलत्या एक कानाच्या कपात. मी म्हटलं, "आत्ताच घेऊन आलेय." खोटं होतं ते. मला त्या पाण्याची भीती वाटली होती. पुढचे तीन महिने त्या बाईने आपलं बाळ माझ्या हातात दिलं नाही. लस नको, वजन नको, काही नको. मी घरी येऊन म्हणायची, "किती अडाणी लोक आहेत." आमच्या दवाखान्यातल्या एका वयस्क सिस्टरने सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाली, "तिने तुला घरात घेतलं होतं. तूच बाहेर राहिलीस."

पुढच्या खेपेला मी उन्हातून पोचले आणि काही काढायच्या आधी त्याच बाईला म्हटलं, "चहा मिळेल का?" (परिचारिका म्हणून सांगते, चहा उकळलेला असतो. पाण्याची शंका असेल तर कोरा चहा मागा, नाही म्हणण्यापेक्षा ते बरं.) ती चूल पेटवायला बसली, मी तिच्या शेजारी बसले, आणि बाळ रांगत माझ्या मांडीवर आलं. त्या दिवशी मी कपड्यांची पिशवी उघडलीच नाही.

मग बायबलमधल्या योहानाच्या शुभवर्तमानातला चौथा अध्याय मला वेगळाच वाचता यायला लागला. येशू विहिरीवर थकून बसलाय, शोमरोनी बाई पाणी भरायला येते, आणि तो पहिलं वाक्य बोलतो ते "मला प्यायला दे." शिकवण नाही, चमत्कार नाही. तो मागतो. बाई चकित होते, कारण यहुदी लोक शोमरोन्यांशी व्यवहार ठेवत नसत. काही अभ्यासक त्या वाक्याचा अर्थ "एका भांड्यातून पीत नसत" असाच लावतात. आपल्या महाराष्ट्रात या ओळीचं वजन कोणाला समजावून सांगावं लागू नये. पाणी कोणाच्या हातचं, कोणाच्या तळ्यातलं, यासाठी याच कोकणात, महाडच्या चवदार तळ्यावर, २० मार्च १९२७ ला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना सत्याग्रह करावा लागला. कवी नारायण वामन टिळक दापोली तालुक्यातल्या करजगावचे. ते १८९५ मध्ये ख्रिस्ती झाले, पण त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंना दुसऱ्याच्या हातचं पाणी पिण्यापर्यंत यायला किती झगडावं लागलं ते मराठी वाचकाला माहीत आहे. तेव्हा "मला पाणी दे" ही काही लहानशी विनंती नाही. त्यात "तुझा हात मला चालतो" हे आहे, आणि "मला तुझी गरज आहे" हेही आहे.

चांगल्या शोमरोन्याच्या गोष्टीचंही तसंच. लुटारूंनी मारून रस्त्यात टाकलेल्या माणसाला याजक आणि लेवी (मंदिराचा सेवक) ओलांडून जातात, आणि शोमरोनी थांबून त्याची काळजी घेतो, ती गोष्ट. आपण ती लहानपणापासून ऐकतो आणि मनातल्या मनात स्वतःला शोमरोनी समजतो. पण ऐकणारे यहुदी होते. त्यांच्या दृष्टीने शोमरोनी हा परका, भ्रष्ट, नको असलेला माणूस. याजक गेला, लेवी गेला, आता तिसरा आपल्यातलाच कोणी साधा माणूस येईल अशी त्यांची अपेक्षा असणार. आणि येतो तो शोमरोनी. म्हणजे येशूने ऐकणाऱ्याला रस्त्याच्या कडेला अर्धमेला पाडून ठेवलंय, आणि वेगळ्या माणसाचा हात घेण्याखेरीज त्याला गत्यंतर ठेवलेलं नाही. ज्याच्यासाठी ही गोष्ट सांगितली तो धर्मशास्त्री विचारतो, "माझा शेजारी कोण?" येशू प्रश्न उलटवतो, "त्या पडलेल्याचा शेजारी कोण झाला?" शास्त्र्याच्या तोंडून "शोमरोनी" हा शब्द तेव्हाही निघत नाही. तो म्हणतो, "ज्याने दया केली तो."

आणखी एक गोष्ट पाहा, तुमच्यासाठी मुद्दाम सांगते. ही गोष्ट लूकच्या शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायात आहे. त्याच्या आधीच्या, नवव्या अध्यायात एका शोमरोनी गावाने येशूला उतरायला जागा दिली नव्हती. शिष्य इतके चिडले की आकाशातून आग पाडू का, असं विचारायला लागले. येशूने त्यांनाच दटावलं. आणि थोड्याच वेळात शोमरोन्याला गोष्टीचा नायक केलं. जेटीवर तुमच्याशी कोणी बोललं नाही म्हणून तुमच्या मंडळातले काही जण "आता पुन्हा जायचं नाही" म्हणतायत, असं तुम्ही लिहिलंय. त्यांना हे दोन अध्याय सलग वाचून दाखवा.

आता ढोंगाबद्दल. प्रेम वाटत नसताना सेवा करणं हे ढोंग नाही. प्रेम वाटतंय असं दाखवणं हे ढोंग आहे. प्रेषित पौलाने करिंथकरांना पत्रात जे प्रीतीबद्दल लिहिलंय, लग्नात हमखास वाचतात तो तेरावा अध्याय, त्यात भावनेचं वर्णन शोधून पाहा. प्रीती सहन करते, हेवा करत नाही, बढाई मारत नाही, स्वार्थ पाहत नाही. मूळ ग्रीकमध्ये तिथे सगळी क्रियापदं आहेत. काय वाटतं ते नाही, काय करते ते लिहिलंय. मला कुष्ठरोगाच्या पहिल्या रुग्णाच्या पायाचं ड्रेसिंग करताना काही प्रेमबिम वाटलं नव्हतं, मळमळलं होतं. पण हात नीट चालवला, घाई केली नाही, आणि त्यांना नावाने हाक मारली. महिन्याभराने त्यांची वाट पाहायला लागले. असं प्रत्येकाच्या बाबतीत होतं का? नाही. काही माणसं मला शेवटपर्यंत आवडली नाहीत. त्यांचं ड्रेसिंगही तेवढ्याच काळजीने केलं, आणि ते कमी ख्रिस्ती होतं असं मला वाटत नाही.

भीतीचं मात्र मी असं सरसकट सांगणार नाही. ते परिस्थितीवर अवलंबून आहे. अनोळखी भाषेत मोठ्याने बोलणारी चार तरुण पोरं पाहून वाटणारी भीती ही बहुतेक वेळा ओळख नसल्याची असते, आणि ती ओळखीनेच जाते. पण रात्री, दारूच्या वेळी, तुमच्या मंडळातल्या मुलींना जेटीवर नेणं हा शहाणपणा नाही. तसंच, वेगळ्या माणसांवर प्रेम म्हणजे त्यांच्यातला अन्याय पोटात घालणं नव्हे. एका वस्तीवर मी एका माणसाचा हात शिवला, आणि त्याच माणसाने बायकोला मारलं म्हणून त्याच आठवड्यात तिच्यासोबत पोलीस ठाण्यातही गेले. "त्यांच्यात चालतं" हे वाक्य मला फार वेळा ऐकवलं गेलं. मार खाणाऱ्या बाईला कुठेही चालत नाही. १८१ हा महिलांच्या मदतीचा आणि १०९८ हा मुलांसाठीचा क्रमांक मंडळातल्या प्रत्येकाच्या फोनमध्ये असू दे.

गावातल्या कुजबुजीवर तुम्ही दुखावलेले दिसता. मी म्हणेन, आधी ती समजून घ्या. या किनाऱ्याला पोर्तुगिजांची आठवण आहे. गोव्यातलं इन्क्विझिशन, म्हणजे श्रद्धेवरून माणसांना शिक्षा करणारं धर्मन्यायालय, १५६० मध्ये सुरू झालं आणि १८१२ पर्यंत चाललं. लोकांना तारखा माहीत नसतील, पण गोष्ट घराघरांत उतरलेली आहे. ब्लँकेटासोबत केक, केकवर तारा, आणि मोबाईलवर फोटो, हे पाहून कोणाच्या मनात शंका आली तर त्याला लगेच द्वेष म्हणू नका. आणि आपल्याकडे स्पष्ट शिकवण आहे. कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ७ डिसेंबर १९६५ ला धर्मस्वातंत्र्यावर जो जाहीरनामा काढला, त्यात श्रद्धा पसरवताना जबरदस्तीचा किंवा अनुचित आमिषाचा वाससुद्धा नको, विशेषतः गरीब आणि अशिक्षित माणसांच्या बाबतीत, असं सांगितलंय. तुम्ही कॅथलिक नसलात तरी हे तुम्हाला पटावं.

माझी रीत सांगते. वस्तू देताना प्रार्थना नाही आणि प्रार्थना करताना वस्तू नाही. पत्रकं नाहीत. घेणाऱ्याचा फोटो कधीच नाही, देणगीदाराने मागितला तरी नाही. कोणी विचारलं, "सिस्टर, तुम्ही हे का करता?" तर लपवाछपवीही नाही. "येशूने मला सांगितलंय म्हणून," एवढं खरं उत्तर द्यायचं आणि हातातलं काम पुढे चालू ठेवायचं. शिवाय आशाताईला, सरपंचांना, बोटीच्या मालकाला आधी सांगून जायचं. उघड्यावर केलेल्या गोष्टीची कुजबुज फार दिवस टिकत नाही. तरीही कोणी विरोध केलाच तर भांडत बसू नका, त्यांच्यातल्याच एकाला सोबत यायला सांगा. माझ्यासोबत असे एक गृहस्थ लक्ष ठेवायला म्हणून आले होते. नंतर पावसाळ्यात खाडीपलीकडे जायला तेच मला होडी मिळवून द्यायचे.

आणि आपणही वेगळेच होतो, हे विसरू नये. सिंधुदुर्गातली आपली बरीच ख्रिस्ती कुटुंबं गोव्यातून आलेली. त्यांना जमीन, विहीर, शेजार दिला तो ख्रिस्ती नसलेल्या गावांनी. वर अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर बेने इस्रायल, म्हणजे कोकणातल्या यहुदी लोकांचे पूर्वज फुटलेल्या जहाजातून वाचून आले अशी त्यांची परंपरा सांगते. कोकणाने त्यांना तेलाच्या घाण्यावर जागा दिली, शनिवारी काम करत नाहीत म्हणून "शनिवार तेली" असं नाव दिलं, आणि सुखाने राहू दिलं. हा किनारा समुद्रातून आलेल्यांना घेत आला आहे. दुसरीकडे, आपल्या ख्रिस्ती समाजातच लग्न ठरवताना बामण, चारडो, सुदिर या जाती अजून पाहतात. नेपाळी माणसापर्यंत पोचण्याआधी आपल्याच बाकावर दोन हात लांब बसलेला माणूस आहे, त्याच्याकडेही पाहायला हवं. हे लिहिताना मला वाईट वाटतंय, पण लिहिलं नाही तर उत्तर अर्धवट राहील.

खलाशांबद्दल थोडं तपशिलात सांगते, कारण तुमचा प्रश्न त्यांच्याबद्दल आहे. भारत आणि नेपाळमधल्या १९५० च्या करारामुळे त्यांना इथे कामाला यायला पासपोर्ट लागत नाही. म्हणून ते मोठ्या संख्येने येतात, बोटींवर आणि आंब्याच्या बागांत राखणीलाही. पण इथे रेशनकार्ड नाही, बहुतेकांकडे आधार नाही, बँकेत खातं नाही. आजारी पडला की तो कोणाच्याच यादीत नसतो.

२०१९ च्या जानेवारीत मला जेटीवर एक मुलगा भेटला, विशीतला. दोन आठवड्यांच्या वर खोकला, संध्याकाळी ताप, वजन उतरलेलं. थुंकी तपासली, क्षयरोग निघाला. सरकारी औषध फुकट मिळतं, सहा महिने घ्यायचं, मध्ये सोडलं तर रोग औषधाला जुमानत नाही. हे सगळं मला पाठ होतं. पण बोट चार-चार, आठ-आठ दिवस समुद्रात असते. गोळ्या कोण देणार? मालकाला कळलं तर मुलाला काढून टाकेल अशी त्याला धास्ती. रुग्णाच्या आहारासाठी सरकार तेव्हा महिन्याला ५०० रुपये देत असे (नोव्हेंबर २०२४ पासून १००० झाले), पण ते बँक खात्यात येतात आणि याचं खातंच नव्हतं.

मी एकटीने काहीही करू शकले नसते. केलं ते त्या बोटीच्या तांडेलाने, म्हणजे बोट चालवणाऱ्या प्रमुखाने. रत्नागिरीकडचा मुसलमान माणूस, पाच वेळचा नमाजी. मी मुलाची परवानगी घेऊन त्यांना खरं सांगितलं. ते थोडा वेळ समुद्राकडे पाहत राहिले, मग म्हणाले, "गोळ्या माझ्याकडे द्या." केबिनमध्ये कॅलेंडर टांगलेलं होतं, त्यावर रोज एक फुली. किनाऱ्याला लागले की कॅलेंडर घेऊन मला दाखवायला यायचे. १ जूनला मासेमारी बंद झाली (ही बंदी ३१ जुलैपर्यंत, ६१ दिवस असते), तेव्हा मुलाचा दीड महिन्याचा कोर्स शिल्लक होता. तो गावी निघण्याआधी आम्ही क्षयरोग विभागात जाऊन सोबत न्यायची औषधं आणि तिथल्या दवाखान्यासाठी चिठ्ठी घेतली. पुढच्या मोसमात तो परत आला तो गाल भरलेला.

शोमरोन्याच्या गोष्टीचा शेवट लोक फार लवकर वाचून टाकतात. तो जखमांवर तेल आणि द्राक्षारस ओततो, उतारशाळेत नेतो, एक रात्र थांबतो, आणि दुसऱ्या दिवशी निघून जातो. त्याला स्वतःचं काम आहे. पण जाताना उतारशाळेवाल्याच्या हातात दोन दीनार ठेवतो, म्हणजे दोन दिवसांची मजुरी, आणि "जास्त लागलं तर परत येईन तेव्हा देईन" असं सांगतो. आम्ही दवाखान्यात याला "पुढे पाठवणं आणि पाठपुरावा" म्हणतो. सगळं आपणच करायचं नसतं. योग्य माणसाच्या हाती सोपवायचं, आणि परत यायचं. माझा उतारशाळेवाला तो तांडेल होता. तुमच्या जेटीवरही कोणीतरी असेल. तो ख्रिस्तीच असायला हवा असं मुळीच नाही.

परत येणं हा भाग सगळ्यात जड आहे, म्हणून बारा जणांनी एकदा जाण्यापेक्षा दोघांनी बारा वेळा जावं असं मी म्हणते. ठरलेला वार ठेवा. एखाद्या वेळी बोट नसेल, कोणी भेटणार नाही, तरी जा.

वाटप करायचंच असेल, पुरात किंवा वादळात करावंच लागतं, तर बायबलमधल्या 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकाचा सहावा अध्याय पाहा. पहिल्या मंडळीत रोजच्या वाटपात ग्रीक बोलणाऱ्या विधवांना डावललं जात होतं. प्रेषितांनी चौकशी समिती नेमली नाही, उपदेशही केला नाही. सात जण निवडले गेले, आणि सातांचीही नावं ग्रीक आहेत. म्हणजे ज्यांची तक्रार, त्यांच्याच बाजूच्या माणसांकडे वाटप गेलं. जुलै २०२१ मध्ये चिपळूणला पूर आला तेव्हा आमच्या गटाने पहिल्या दिवशी रस्त्यालगत गाडी उभी करून पाकिटं वाटली. आतली एक कातकरी वाडी राहून गेली, कारण तिथून कोणी रस्त्यावर आलंच नाही. हाकललं जाण्याची सवय झालेली माणसं रांगेत उभी राहत नाहीत. दुसऱ्या खेपेला त्या वाडीतल्याच एका आजीने घरांची यादी सांगितली, आमच्यातल्या मुलीने ती लिहून घेतली. आजी म्हणाली, तांदूळ नंतर आणा, आधी भांडी आणा, शिजवायचं कशात? आमच्या डोक्यात हे आलंच नव्हतं.

त्यावरून तुमच्या ब्लँकेटाबद्दल. कोकणात डिसेंबरात थंडी असते, पण बोटीवर जाड ब्लँकेट एकदा खाऱ्या पाण्याने भिजलं की वाळत नाही. बर्फ मात्र झाकावाच लागतो. दिलेली वस्तू त्याची झाली, त्याने ती जिथे उपयोगी पडली तिथे वापरली. त्याचं दुःख करू नका. फक्त पुढच्या वेळी आधी विचारा.

आता तौक्ते वादळाचं सांगते. १६ मे २०२१, रविवार. आमच्या खळ्यातला फणस मोडून छपरावर पडला. कौलं गेली, माजघरात पाणी. लॉकडाऊन, वीज नाही, मुलगा मुंबईत. दुसऱ्या दिवशी सकाळी तोच तांडेल चार खलाशांना घेऊन आला. न सांगता, न बोलावता. त्यांनी फांद्या तोडल्या, बोटीवरची ताडपत्री आणून छपरावर बांधली, माझं भिजलेलं सामान पडवीत काढलं. त्यात तो बरा झालेला मुलगा होता. मी पैसे पुढे केले. तांडेल म्हणाले, "सिस्टर, गोळ्यांचे पैसे तुम्ही घेतलेले काय?" आयुष्यभर देण्याची सवय झालेल्या मला त्या दिवशी नुसतं घेणं किती कठीण गेलं, हे मी कोणाला सांगितलेलं नाही. मी सारखी "चहा तरी घ्या, बसा तरी" करत होते. तेव्हा कळलं की चिरेखाणीवरच्या बाईने कप पुढे केला होता तो याच लाजेतून. काहीतरी आपल्या हातून दिलं गेलं पाहिजे, नाहीतर माणूस उभा राहू शकत नाही.

थोडक्यात तुमच्या तीन शंकांपुरतं बोलायचं तर: भावना नसली तरी काम खरं असू शकतं, कुजबुजीला उत्तर म्हणजे उघडपणा, आणि जेटीवरचा अबोला मोडायचा असेल तर तुम्हाला त्यांच्याकडून काहीतरी मागता आलं पाहिजे.

एक गोष्ट राहिली, कारण तुमच्यावर ती येईलच. वेगळ्या श्रद्धेच्या माणसांत मिसळताना आपण कुठपर्यंत जायचं? दसैं हा नेपाळी लोकांचा मोठा सण, आपल्या दसऱ्याच्या सुमारास. घरातली मोठी माणसं लहानांच्या कपाळी टीका लावून आशीर्वाद देतात. एका वर्षी ती पोरं माझ्याकडे आली. इथे आमचं मोठं कोणी नाही, तुम्ही टीका लावा, म्हणाली. मी खूप घुटमळले. त्यांच्या पूजेचा तो भाग, माझ्या श्रद्धेत बसत नव्हता. त्यांना मी तसंच सांगितलं, की तुमचा टीका मी लावू शकत नाही, पण आशीर्वाद मनापासून देते. प्रत्येकाच्या डोक्यावर हात ठेवला, प्रत्येकाच्या आईचं नाव विचारलं. कोणाला वाईट वाटलेलं दिसलं नाही. त्यांनी आणलेला गोड पदार्थ मी खाल्ला. माझ्या जागी दुसऱ्या ख्रिस्ती बाईने टीका लावला असता, तिसरीने पदार्थही खाल्ला नसता. यावर सगळ्यांना लागू पडेल असा नियम मी देऊ शकत नाही. माझा अनुभव एवढाच, की आपण जे मानतो ते प्रेमाने आणि खरेपणाने सांगितलं तर माणसं तुटत नाहीत.

तर या रविवारनंतरचा एखादा वार धरा. दुपार उतरल्यावर, बोटी लागलेल्या असतात आणि जाळी दुरुस्त करत पोरं बसलेली असतात, तेव्हा दोघंच जा. रिकाम्या हाताने. नेपाळी देवनागरीतच लिहितात, त्यामुळे चार वाक्यं सहज शिकाल. "सञ्चै हुनुहुन्छ?" म्हणजे बरे आहात ना. "घर कहाँ हो?" हे तर समजावायलाही नको. आपल्यापेक्षा मोठ्याला दाइ म्हणा, लहानाला भाइ. जाळ्याची गाठ कशी मारतात ते दाखवायला सांगा, तुमची चुकेल, ते हसतील, हसू द्या. चहा चुलीवर असेल तर मागून घ्या. १ जूनला बोटी बंद होऊन ते गावी जायच्या आधी तुमच्याकडे जवळजवळ पाच महिने आहेत. मधे एखादा खोकणारा, ताप असलेला कोणी दिसला तर इथेच लिहा, कुठे न्यायचं ते मी सांगेन.